साफ केलेला पिंपळ

“कुणी देवापाशी काही मागत असलं, की तिकडं पाठ करून उभं राहायचं. कानही द्यायचा नाही आणि डोळाही द्यायचा नाही.”

आईनं हे सांगितलं तेव्हा मी परकर-पोलक्यातली होते. कोरेगावच्या बाजूला आमचं गाव. मारुतीच्या पारावर एक बाई कपाळ टेकून हुंदके देत होती आणि मी तोंड उघडं टाकून बघत होते. आईनं माझी मान धरून देवळाच्या भिंतीकडे वळवली. ती बाई पदरानं तोंड पुसून निघून जाईपर्यंत आम्ही मायलेकी भिंतीचा चुना बघत उभ्या राहिलो. का, कशासाठी, ते आईनं समजावून सांगितलं नाही. तेव्हा समजावून सांगायची पद्धत नव्हती.

आमच्या गीतांजली मॅडमना मात्र सगळं समजावून सांगायची सवय आहे.

त्या आमच्याच सोसायटीत, सातव्या मजल्यावर, बरोबर आमच्या वरच राहतात. मोठ्या कंपनीत माणसं नेमायच्या आणि काढायच्या खात्याच्या प्रमुख होत्या. निवृत्त झाल्यावर माणसं उरली नाहीत, म्हणून त्यांनी वाचनकट्टा काढला. महिन्यातल्या एका रविवारी क्लब हाउसमध्ये जमायचं, एक पुस्तक घ्यायचं आणि त्याच्यावर बोलायचं. पुस्तक वाचलेलं असावं अशी अट नाही. बहुतेक जण मलपृष्ठ वाचून येतात आणि तेवढ्या भांडवलावर तासभर बोलतात. मला त्यांची कमाल वाटते. मी पोथीचा अध्याय इतकी वर्षं रोज वाचते, पण त्याच्यावर चार वाक्यं बोल म्हटलं तर मला घाम फुटेल.

मला कट्ट्यावर घेतलं त्याचं कारण मॅडमनी सगळ्यांसमोरच सांगितलं. “आपल्याला एक ट्रॅडिशनल व्ह्यू पण हवा ना? वैशालीताई आहेत की. त्यांचं ते रोजचं असतं, व्रत वगैरे.”

व्रत वगैरे म्हणजे काय, तर पूजा झाल्याशिवाय मी चहा घेत नाही, अध्याय झाल्याशिवाय जेवत नाही आणि आमच्या सेक्टरला लागून असलेल्या करावे गावाच्या तोंडाशी जो पिंपळ आहे त्याला रोज सकाळी तांब्याभर पाणी घालते. त्यातला ‘वगैरे’ कुठला ते मला अजून सापडलेलं नाही. पण मी हळू बोलते आणि भांडत नाही, त्यामुळे लोकांना मी कुठंही बसवायला सोयीची वाटते. देवघराशेजारी मूढा ठेवतात ना, तशी.

या वेळी घेतलेली कादंबरी चांगली होती. एका बाईचं मूल जातं आणि ती रोज दुपारी एका उंबराखाली जाऊन बसते. कादंबरीभर बसते. मी ती दोनदा वाचली, दुसऱ्यांदा सावकाश. ती बाई त्या झाडाशी एक अक्षर बोलत नाही. लोक येऊन विचारतात, तरी बोलत नाही. शेवटी उठते आणि घरी जाऊन भाकरी थापते. भाकरीपाशी मी रडले.

कट्ट्यावर चर्चा झाली ती ‘बाई झाडाशी संवाद साधते’ या विषयावर. मलपृष्ठावर तसं छापलं होतं.

“मला वाटतं,” मॅडम म्हणाल्या, “आपण नुसतं बोलून थांबायला नको. साहित्याला आपलाही काहीतरी क्रिएटिव्ह रिस्पॉन्स हवा. प्रत्येकानं आपलं एक झाड शोधायचं. त्याच्याशी कनेक्ट व्हायचं. त्याचा फोटो काढायचा. मग आपण प्रदर्शन भरवू.”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी हळूच म्हटलं, “कादंबरीत ती बोलत नाही झाडाशी.”

“तेच तर!” मॅडम म्हणाल्या, आणि पुढच्या मुद्द्याकडे वळल्या.

मग ग्रुपवर झाडं यायला लागली. प्रसाद म्हणून एक निवृत्त इंजिनियर आहेत. त्यांनी हातभर लांबीची लेन्स घेतलीय. त्यांनी झाडाची साल इतक्या जवळून टिपली, की मला वाटलं कुणाच्या तरी टाचेला भेगा पडल्यात, आणि मी कोकमतेल सुचवणार होते. खाली लिहिलं होतं, ‘काळाच्या सुरकुत्या’. सी विंगमधल्या एकीनं बाल्कनीतल्या बोन्सायचा फोटो टाकला, ‘माझ्यातली ती’. एकीनं पाम बीच रोडवर गाडीतूनच फोटो काढला होता. झाड पुसट, आरशात ती मात्र स्पष्ट. त्याला चाळीस अंगठे आले. उंबर कुणालाच सापडला नाही. एक सापडला होता म्हणे, शिरवणे गावात, पण तिथं पार्किंग नव्हतं. “झाड झाडच असतं,” असं मॅडमनी जाहीर केल्यावर उंबराचा प्रश्न मिटला.

मीही एक फोटो दिला. पिंपळाला पाणी घालताना तांब्यात वरच्या फांदीचं प्रतिबिंब पडतं, तेवढंच टिपलं होतं. मॅडमनी तो परत पाठवला. फ्रेममध्ये तांब्या आला, त्यामुळे तो धार्मिक झाला म्हणे, आणि आपला उपक्रम साहित्यिक आहे.

पण तांब्यातली फांदी त्यांच्या नजरेत भरली. “कुठलं हो हे झाड? काय टेक्श्चर आहे!” मी भाबडेपणानं सांगून टाकलं, आणि पुढच्या रविवारी सकाळी सगळा कट्टा तीन गाड्या करून करावे गावाच्या तोंडाशी उतरला. तिथं पार्किंग होतं.

पिंपळाला एरवी हात लावत नाहीत. शनिवारी लावतात. मॅडमनी त्याला मिठी मारली ती रविवारी. डोळे मिटून, गाल टेकवून, बराच वेळ. पिंपळ काहीच बोलला नाही. त्याला शिक्षण नसलं तरी वळण आहे. मॅडम डोळे पुसत म्हणाल्या, “मला आत्ता कादंबरी कळली.” आणि मनालीला विचारलं, “आलं का गं नीट?”

मनाली ही कट्ट्यावरची सगळ्यात तरुण. जाहिरातींचे फोटो काढते. तिला खरंच फोटो काढता येतात, हे मी मान्य करते. तिनं पाराच्या कडेला ठेवलेल्या देवांच्या जुन्या तसबिरी पायानं बाजूला सरकवल्या, पण हळूच सरकवल्या. झाडाला एक फेरी मारली आणि म्हणाली, “आज गर्दी फार आहे. मी एकटी येईन परत, लाइट चांगला असेल तेव्हा.”

ती परत आली शनिवारी. त्याची मला कल्पना नव्हती.

शनिवारी सकाळी मी पाणी घालून पारापाशी उभी होते, तेवढ्यात बायजाबाई आल्या. करावे गावातल्याच त्या. नवरा खाडीत जाळं टाकायचा. आता मुलगा जातो आणि या पाटी घेऊन आमच्या सेक्टरमध्ये मासळी विकतात. आमची ओळख पिंपळाचीच. मी माळकरी आहे हे त्यांना माहीत आहे, म्हणून त्या पाटी नेहमी रस्त्यापलीकडे ठेवून मग पाराशी येतात. मी एकदा म्हटलंही होतं, “राहू द्या हो, इथंच ठेवा.” तर म्हणाल्या, “तुला वास येल, बाय. तू कई बोलनार नाय, आन् नाक मुरडशील मनातल्या मनात.” खोटं नव्हतं ते.

त्या दिवशी पाटी नव्हतीच. कनवटीला काहीतरी होतं. त्या इकडंतिकडं बघून म्हणाल्या, “बाय, वाईच तिकरं बग.”

मी पाठ केली. काही विचारलं नाही. मागे पारावर चढल्याचा आवाज आला, पानं सळसळली, पुटपुटणं ऐकू आलं तेही मी ऐकलं नाही. माझं तोंड रस्त्याकडे होतं. रस्त्यापलीकडे, बंद दुकानाच्या पायरीवर, मनाली बसली होती, डोळ्याला कॅमेरा लावून. मला वाटलं, झाडाचा फोटो काढतेय. मी हातानं खूण केली, ‘नको’. तिनं मला खूण केली, ‘तुम्ही नाही येत त्यात’. मग उठली, गाडीत बसली आणि गेली.

बायजाबाई पारावरून उतरल्या तेव्हा गाडी वळत होती.

“ती पोरगी फोटू कारत व्हती?”

“हो.”

“माजा बी कारला?”

“माहीत नाही,” मी म्हटलं. मग म्हटलं, “काढला असेल.”

त्या मटकन पारावरच बसल्या. मी कधी त्यांना बसलेलं पाहिलं नव्हतं. वर बघितलं तर पानांच्या आत, कुणाला सहज दिसणार नाही असा, तळहाताएवढा लाकडी पाळणा टांगलेला होता, लाल-हिरवा, जाळ्याच्या सुतानं बांधलेला. मला कुणी काही सांगायची गरज नव्हती. पण त्यांनी सांगितलं.

“आमचे तेजूला तिसरा मयना हाय. आंदी दोन येला गेलं. या येलेला कोनाला सांगलं नाय. पोराला ठावं हाय, मना ठावं हाय, बस. आन् ह्यो नवस तं तेजूला बी ठावं नाय. बाल झाला का मंग मीच येऊन सोरवनार. तवर कोनाचे डोल्यांना दिसला नाय पायजे, बाय. दिसला का फुकट गेला.”

तेजू म्हणजे तेजश्री, त्यांची सून. आमच्याच सेक्टरमधल्या पार्लरमध्ये काम करते. अर्ध्या सोसायटीच्या भुवया तिच्या हाताखालून जातात.

“तो फोटो कुणी बघणार नाही,” मी म्हटलं. “भिंतीवर लागणार नाही. मी शब्द देते.”

“तुजा ऐकतील ती?”

“ऐकतील,” मी म्हटलं, आणि शनिवार होता म्हणून झाडाला हात लावून म्हटलं.

संध्याकाळी फोटो ग्रुपवर आला. ‘मागणं’ असं नाव दिलं होतं. पाठमोऱ्या बायजाबाई, काष्ट्याचं लुगडं, टाचा उचललेल्या, दोन्ही हात वर, आणि बोटांच्या मधोमध तो पाळणा, पानांतून आलेल्या उन्हाच्या कवडशात. फोटो सुंदर होता. म्हणूनच मला धडकी भरली. भिकार असता तर कुणी दुसऱ्यांदा पाहिला नसता. अंगठे, फुलं, रडणारे चेहरे, सगळ्यांची रांग लागली. प्रसादनी लिहिलं, ‘स्पीचलेस’, आणि खाली अकरा ओळी लिहिल्या.

मी सातव्या मजल्यावर गेले.

“या या, वैशालीताई! ग्रीन टी घेणार? बघितलात ना फोटो? अंगावर काटा आला की नाही?”

“आला,” मी म्हटलं. “तो लावू नका, मॅडम. ग्रुपवरूनही काढून टाका.”

“का?”

“त्या बाईंना विचारलेलं नाही.”

“चेहरा कुठाय पण? पाठमोरी आहे ती. कळणारही नाही कुणाला.”

“करावे गावात पाठीवरून ओळखतात.”

“मग ओळखू देत की! शी शुड बी प्राउड. उलट आपण तिला बोलावणारच आहोत उद्घाटनाला. शाल, श्रीफळ. इथली मूळची माणसं आहेत ही, आपण त्यांच्या जमिनीवर राहतो, काहीतरी रिकग्निशन द्यायला नको? आपली मासळीवालीच ना ती, तिच्या सुनेलाही सांगितलंय मी. ती तेजश्री, पार्लरमधली. म्हटलं, सासूला घेऊन ये, सरप्राइज आहे.”

मी त्यांच्या भुवयांकडे बघत राहिले. छान कोरलेल्या होत्या.

“मॅडम, मागणं असं दाखवायचं नसतं. ते गुप्त असतं.”

“काय गुप्त आहे त्यात? पाळणा तर दिसतोय सरळ.” मग त्या थांबल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर आनंद पसरला. कोडं सुटल्यावर शाळेतली पुढच्या बाकावरची मुलगी हात वर करते, तसा. “अच्छाऽ! म्हणजे सूनच प्रेग्नंट आहे?”

खोटं मी बोलत नाही आणि खरं माझं नव्हतं.

“कळलं, कळलं. मी कुणाला नाही सांगत.” मॅडमनी माझ्या गुडघ्यावर थोपटलं. “बघा, तुमच्या भावनांचा मला रिस्पेक्ट आहे. हे सगळं दृष्ट वगैरे मी मानत नाही, पण रिस्पेक्ट आहे. आणि कला माणसाला दुखावण्यासाठी नसते. आपण काहीतरी मार्ग काढू. टेन्शन घेऊ नका.”

रात्रीच्या जेवणाआधी ग्रुपवरून फोटो गेलेला होता. मॅडमचा मला वेगळा मेसेज आला: ‘मनालीशी बोलले. तुमचा प्रॉब्लेम सॉल्व्ह करतोय.’ खाली जोडलेले हात.

मी यांना दाखवला. आमचे विलासराव पावणे गावच्या कारखान्यातून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. तेव्हापासून त्यांचं सोसायटीतल्या प्रत्येक गोष्टीवर एकच मत असतं, की आपण त्यात पडू नये.

“बघ,” ते म्हणाले, “नीट सांगितलं की माणसं ऐकतात. मॅडम शहाण्या आहेत.”

मलाही तसंच वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बायजाबाई भेटल्या, पाटी रस्त्यापलीकडे ठेवून आल्या. “काय झाला गं?” म्हणाल्या. “बोलले मी. नाही लागणार,” मी सांगितलं. त्यांनी वर बघितलं नाही. त्या पाळण्याकडे बघायच्याच नाहीत, जसं काही तिथं फांदीशिवाय काही नाही. मग म्हणाल्या, “तेजूला कोन तरी बोलावला हाय तुमचे सोसायटीन. खुशीत हाय. नवी सारी नेसनार बोलते.”

“तुम्ही जाणार?”

“माजी काय जावाची इच्छा नाय. पन ती बोलते, आई चल, मोटी मानसा बोलावतान. कदी कोन बोलावतय आमाला?”

प्रदर्शन त्यापुढच्या रविवारी होतं. आदल्या दिवशी संध्याकाळी फोटो टांगायला सगळे क्लब हाउसच्या हॉलमध्ये जमले. मला समईसाठी बोलावलं होतं. साहित्यिक उपक्रमात तांब्या चालत नाही, समई चालते. पाहुण्यांच्या हस्ते पेटवायची असते ना. आणि कट्ट्यावर जिच्याकडे पितळेची मोठी समई आहे आणि वात वळता येते अशी मी एकटीच.

भिंतीवर झाडंच झाडं होती. प्रसादची टाच दारापाशी. बोन्साय. आरशातली बाई. मॅडमची मिठी, दोन फुटी, काळ्या-पांढऱ्यात. प्रत्येकाखाली कादंबरीतलं एक वाक्य चिकटवलेलं होतं, आणि ती सगळी वाक्यं पहिल्या तीस पानांतली होती. त्यापुढं कुणी गेलेलंच नव्हतं, हे भिंतीवर लिहून लावल्यासारखं होतं, पण ते दिसायला पुढची पानं वाचलेली असावी लागतात.

आणि मधल्या भिंतीवर, एकटाच, वर छोटा दिवा लावलेला, बायजाबाईंचा फोटो.

मी जवळ गेले. पाळणा नव्हता.

फांदी स्वच्छ होती. पाळण्याच्या जागी पानं भरली होती, जरा जास्तच हिरवी. सूतही नव्हतं. बायजाबाई मात्र तशाच होत्या, टाचा उचललेल्या, हात वर, बोटांची चिमूट आवळलेली. गाठ मारणारी ती बोटं हवेत कशाला तरी गाठ मारत होती आणि तिथं काही नव्हतं. नावही बदललं होतं. ‘रिकामे हात’.

“बघितलंत?” मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या. “आता खूश? पाळणाच नाही! कुणाला काही कळायचा प्रश्नच नाही. आणि खरं सांगू, फोटो आणखी स्ट्राँग झालाय. आधी तो फार ऑब्व्हियस होता. आता त्या कादंबरीतल्या बाईशी थेट जोडला जातो. मूल गेलेली आई. रिकामे हात. काय योगायोग आहे!”

“तुम्ही पाळणा पुसलात,” मी म्हटलं.

“पुसला नाही हो, क्लीन केला. दोन मिनिटांचं काम. मनाली, सांग ना त्यांना.”

मनाली स्टुलावर उभी राहून दुसरा फोटो सरळ करत होती. तिनं मागे वळून पाहिलं आणि पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. “मी म्हटलं होतं मॅडमना, फोटोच काढून टाकू,” ती म्हणाली. फोटो सरळच होता, तरी ती तो सरळ करत राहिली.

माझ्या डोळ्यांपुढे उद्या सकाळ आली. नवी साडी नेसलेली तेजश्री, पोटावर नकळत हात. सासूची पाठ ती एका क्षणात ओळखणार. टाळ्या वाजत असणार. शेजारी मॅडम माइकवर सांगत असणार, मूल गेलेली आई, रिकामे हात. दोन वेळा जिचं गेलं तिला, तिसऱ्या महिन्यात, माइकवरून. आणि बायजाबाई, खांद्यावर शाल, त्या झाडाकडे बघत असणार, जिथं त्यांनी स्वतःच्या हातानं पाळणा बांधला होता, आणि तिथून तो नाहीसा झालाय. पाळणा भिंतीवर दिसला असता तर नवस फुकट गेला असता. हे तर कुणी हातानं उपटून काढल्यासारखं होतं.

“मॅडम,” मी म्हटलं, “हा फोटो उतरवा.”

“वैशालीताई...”

“मी हात जोडते. आत्ता उतरवा.”

सगळे बघायला लागले. मी कधी कट्ट्यावर दोनदा तेच बोलले नव्हते. मॅडमनी मला खांद्याला धरून बाजूला घेतलं, आजारी माणसाला घेतात तसं.

“हे बघा. तुम्ही म्हणालात गुप्त, आपण गुप्त केलं. आणखी किती अॅडजस्ट करायचं? प्रिंटला पैसे गेलेत, पाहुण्यांना सेंटरपीस म्हणून कळवलंय. साहित्य वाचतो म्हणजे काय करतो आपण, वैशालीताई? दुसऱ्याच्या दुःखाशी एकरूप होतो. तेच करतोय ना इथं?”

“ती बाई दुःखात नाही,” मी म्हटलं. “ती आशेत आहे.”

“व्वा,” मॅडम म्हणाल्या. “किती छान बोललात. हे उद्या माइकवर बोलाल?”

मला तेव्हा कळलं, की या बाईंना काहीही सांगितलं तरी त्या ते फ्रेम करून टांगतील. मी बोलणं बंद केलं. मॅडमना वाटलं, पटलं. त्यांनी पर्समधून हॉलची किल्ली काढून माझ्या हातात दिली. “उद्या सकाळी तुम्हीच उघडा हं. तुम्ही लवकर उठता. समई, रांगोळी, सगळं नीट करून ठेवा, आम्ही दहाला पाहुण्यांना घेऊन येतो. देवाचं तुमच्यासारखं कुणाला जमत नाही.”

घरी आल्यावर यांना सांगितलं. जेवता जेवता ते म्हणाले, “पाळणा नाही ना आता त्यात? मग झालं की.”

“झालं नाही.”

“तू आता काही करू नकोस हं. उगाच सोसायटीत तोंडं बघायची असतात रोज. उद्या गळती झाली तर त्याच मॅडमच्या घरातून प्लंबर खाली येतो.”

मी त्यांना आमटी वाढली. तीस वर्षं या माणसाच्या नळाच्या, गळतीच्या आणि मेंटेनन्सच्या भीतीवर मी वरण-भात वाढत आलेय. चांगला माणूस आहे. त्याला कुणी कधी काही वचन मागितलेलं नाही, यावरून काय ते समजावं.

“आणि त्या कोळणीचं तुला एवढं काय गं?” त्यांनी विचारलं.

“आगरी आहेत त्या,” मी म्हटलं. “आणि मी त्यांना शब्द दिलाय.”

“शब्द काय, सांगायचं, नाही जमलं.”

मी ताक हवं का, विचारलं.

सकाळी अंघोळ केली, पूजा केली, अध्याय वाचला. घाई केली नाही. घाईनं वाचलेला अध्याय नंतर दिवसभर टोचत राहतो. समई चिंचेनं घासून ठेवली होती, ती पिशवीत घातली. वाती, तेलाची बाटली, काडेपेटी, रांगोळीचा डबा. समई मी लावणारच होते, नीट, पाचही वाती. कबूल केलेलं काम होतं आणि अग्नीचा काही दोष नव्हता.

मग कपाट उघडलं आणि सगळ्यात खालच्या घडीतली पांढरी डबल चादर काढली, अजून न वापरलेली. फोटो केवढा आहे ते मी काल डोळ्यांनी मोजून घेतलं होतं. काच नव्हती, म्हणजे जडही नसणार. बुक्का-कुंकू लागलेल्या किंवा वापरलेल्या कापडात तो गुंडाळावा असं मला वाटेना. आत बायजाबाई होत्या.

हे अजून झोपले होते. मॅडमच्या मजल्यावरून मिक्सरचा आवाज येत होता, म्हणजे त्या उठल्या होत्या. दहाला पाहुणे येणार, त्यांना मधली भिंत रिकामी दिसणार, आणि मॅडम विचारणार. विचारल्यावर मी सांगणार, माझ्याकडे आहे, देणार नाही. हळूच सांगणार, मला मोठ्यानं बोलता येत नाही.

लिफ्टचं दार फार वाजतं. चादर काखेत धरून, पिशवी दुसऱ्या हातात घेऊन, मी घराचं दार ओढून घेतलं आणि जिन्यानं उतरायला लागले.